विश्लेषण : झाडाचा चीक औषध की विष? साडेचारशे वर्षांपूर्वी गोव्यात वनौषधींवर ग्रंथ लिहिणारे गार्सिया द ओर्ता कोण होते?

समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक सांगली जिल्ह्यातील शिराळ्यात आहे. शनिवारी मारुतीला वाहण्यासाठी रुईच्या पानांची माळ ओवताना बोटांना पांढरा चीक लागतो. तो डोळ्यात जाऊ नये म्हणून घरातली मोठी माणसे लगेच हात धुवायला लावतात. पायात काटा मोडला, तर हीच माणसे त्यावर रुईचा चीक लावायला सांगतात. मग चीक औषध मानायचा की विष? वनस्पतींच्या रसांकडे ऐकीव माहितीपलीकडे जाऊन पाहणाऱ्या सुरुवातीच्या युरोपीय वैद्यांपैकी एकाने आपले काम गोवा, अहमदनगर आणि मुंबईच्या परिसरात केले. त्यांचे नाव गार्सिया द ओर्ता.

ओर्ता गोव्यात कसे आले?

ओर्ता यांचा जन्म 1501च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलो द विदे या गावी झाला. त्यांचे आईवडील ज्यू होते. स्पेनने 1492 मध्ये ज्यूंना हाकलल्यावर हे कुटुंब पोर्तुगालमध्ये आले. तिथे 1497 मध्ये ज्यूंचे सक्तीने धर्मांतर करण्यात आले. त्यामुळे ओर्ता कागदोपत्री ख्रिश्चन होते, पण अशा ‘नव-ख्रिश्चन’ कुटुंबांवर संशयाची नजर कायम असे.

सालामांका आणि अल्काला येथे शिक्षण घेऊन ते वैद्य झाले. पुढे लिस्बनच्या विद्यापीठात त्यांनी अध्यापनही केले. मार्च 1534 मध्ये मार्तिम अफोन्सो द सोझा यांच्या आरमारासोबत ते निघाले आणि सप्टेंबरमध्ये गोव्यात पोहोचले. त्यानंतर ते मायदेशी परतलेच नाहीत.

अहमदनगरशी त्यांचा संबंध काय?

गोव्यात वैद्यकी करताना ओर्ता यांची ओळख अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी झाली. ते त्याच्यावर उपचार करत. दरबारातल्या हकिमांशी त्यांच्या चर्चा होत. युरोपातल्या ग्रंथांत भारतीय औषधांची माहिती अर्धवट किंवा चुकीची होती. ती दुरुस्त करायची, तर वनस्पती उगवते तिथे जाऊन ती वापरणाऱ्यांना विचारले पाहिजे, हे ओर्ता यांच्या लक्षात आले. वैद्य, हकीम, व्यापारी अशा सगळ्यांकडून ते माहिती घेत आणि एकाच औषधाची वेगवेगळ्या भाषांतली नावे टिपून ठेवत. पुढे पोर्तुगीजांनी मुंबई बेटही त्यांना भाडेपट्ट्याने दिले.

ग्रंथात चिकाबद्दल काय आहे?

10 एप्रिल 1563 रोजी गोव्यात त्यांचा ग्रंथ छापला गेला. छापखाना गोव्यात येऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. विद्वानांच्या लॅटिनऐवजी त्यांनी पोर्तुगीज भाषा निवडली. ग्रंथ संवादरूपात आहे. रुआनो नावाचे काल्पनिक पात्र पुस्तकी ज्ञानाच्या आधारे प्रश्न विचारते आणि ओर्ता अनुभवातून उत्तरे देतात.

यातील तीन पदार्थ झाडाच्या स्रावापासून तयार होतात.

• एळिया किंवा काळा बोळ : कोरफडीच्या पानाच्या सालीखालचा कडू पिवळा रस आटवून तो करतात.

• हिंग : फेरुला वनस्पतीच्या मुळाला चिरा दिल्यावर दुधासारखा चीक पाझरतो. तो वाळला की हिंग होतो. भारतीय स्वयंपाकातले त्याचे महत्त्व ओर्ता यांनी नोंदवले. वास मात्र त्यांना सहन होत नसे.

• अफू : खसखशीच्या कच्च्या बोंडाला चिरा देऊन मिळणारा चीक. निजामशहाच्या पदरी असलेला एक खुरासानी चिटणीस रोज अफू खात असे. माणूस विद्वान, पण सतत पेंगुळलेला, असे निरीक्षण त्यांनी लिहून ठेवले. एकाच चिकाचे गुण आणि दोष त्यांनी शेजारी शेजारी मांडले.

मृत्यूनंतर काय घडले?

गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय सुरू झाले. ओर्ता 1568 मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून जिवंत जाळण्यात आले. 1580 मध्ये ओर्ता यांच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळल्या गेल्या. ग्रंथ मात्र तोवर युरोपात पोहोचला होता. कार्लुस क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1567 मध्येच अँटवर्पहून त्याचा संक्षिप्त लॅटिन अनुवाद प्रसिद्ध केला होता. आज पणजीतील एका उद्यानाला ओर्ता यांचे नाव आहे.

आजचे विज्ञान काय सांगते?

किडे आणि जनावरांपासून बचाव करण्यासाठी अनेक झाडे चीक तयार करतात. त्यामुळे त्यात तीव्र परिणाम करणारी रसायने असतात. जर्मन औषधनिर्माता सेर्ट्युर्नर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अफूतून मॉर्फिन वेगळे केले. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर ते आजही दिले जाते. कच्च्या पपईच्या चिकातील पपेन प्रथिनांचे विघटन करते. भगंदरावरील आयुर्वेदिक क्षारसूत्राच्या धाग्याला निवडुंगाच्या चिकाची पुटे देतात.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. शेर आणि निवडुंगाच्या युफोर्बिया कुळातील एका वनस्पतीच्या रसातून मिळालेल्या इन्जेनॉल मेब्युटेट या औषधाला अमेरिकेत 2012 मध्ये मान्यता मिळाली. त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढण्याच्या शंकेमुळे 2020 मध्ये ते युरोपच्या बाजारातून मागे घेतले गेले. कोरफडीच्या पिवळ्या रसापासून केलेली रेचके विनाचिठ्ठी विकण्यास अमेरिकेने 2002 मध्ये मनाई केली. रुईच्या चिकात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये असतात. तो डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते.

मग घरगुती उपाय करावेत का?

झाडावरचा चीक आणि दुकानातले औषध यांच्यात ओळख, शुद्धीकरण, मात्रा आणि चाचणी एवढे टप्पे असतात. बांधावरच्या रुईत यातला एकही टप्पा पार पडलेला नसतो. त्यामुळे चीक पोटात घेऊ नये, जखमेवर किंवा सर्पदंशावर लावू नये. सर्पदंशावर प्रतिविष हाच उपाय आहे आणि ते रुग्णालयातच मिळते. डोळ्यात चीक गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन तातडीने डॉक्टरांकडे जावे. माळ ओवून झाल्यावर हात धुवायला लावणारी घरातली माणसे याबाबत बरोबरच सांगत असतात.