हिमवाटेचा शिल्पकार : आर्मां बोंबार्डिए

वर्षातील कित्येक महिने ज्या प्रदेशातील वाटा बर्फाखाली गडप होतात, तेथील माणसांच्या अडचणींची कल्पना आम्हां उष्ण देशातील लोकांस सहजासहजी येत नाही. अशाच एका प्रदेशात, कॅनडातील क्वेबेक प्रांतात, व्हालकूर गावाजवळ १६ एप्रिल १९०७ रोजी जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांचा जन्म झाला.

यंत्रांचे वेड त्यांना बालपणापासून होते. १९२२ च्या हिवाळ्यात, अवघ्या पंधराव्या वर्षी, त्यांनी फोर्ड मोटारीचे जुने एंजिन घसरगाडीवर बसविले, त्यास लाकडी पंखा जोडला आणि ती गाडी बर्फावरून पळविली. गरगर फिरणारा तो उघडा पंखा पाहून वडिलांचे काळीज धास्तावले व त्यांनी गाडी मोडावयास लावली. मुलाची जिद्द मात्र मोडली नाही. १९२६ मध्ये त्यांनी गावातच मोटारदुरुस्तीचा कारखाना थाटला. हिवाळा आला, की तेथे हिमगाडीचे प्रयोग चालत.

१९३४ च्या हिवाळ्यात त्यांच्या दोन वर्षांच्या मुलास आंत्रपुच्छाचा विकार जडला. रस्ते बर्फाने बंद होते. गाडी अपुरी होती. रुग्णालय गाठता न आल्याने मूल दगावले. ज्या हातांनी इतकी यंत्रे चालती केली, ते हात त्या दिवशी हतबल ठरले.

दुःखात बुडून न जाता त्यांनी काम नेटाने पुढे नेले. दातेरी चाकावरून फिरणाऱ्या रबरी पट्ट्याच्या योजनेस १९३७ मध्ये पेटंट मिळाले. सात जणांची व पुढे बारा जणांची बंद गाडी निघाली. डॉक्टर, टपाल आणि शाळेची मुले तीतून जाऊ-येऊ लागली. १९४२ मध्ये कंपनी स्थापन झाली. पुढे सरकार रस्त्यांवरील बर्फ काढू लागल्याने मोठ्या गाड्यांची मागणी घटली. तेव्हा त्यांनी आडवाटेसाठी हलकी गाडी घडविली. तीच १९५९ ची ‘स्की-डू’.

हलकेपणा हा अशा गाडीचा गुण. पण उतारावर तोल गेला तर ती उलटतेही. फोर-स्ट्रोक एंजिनाचे तेल तळाशी साठलेले असते. गाडी उलटताच ते नळीवाटे हवेच्या गाळणीत किंवा सिलिंडरमध्ये शिरू शकते, आणि पंपास तेलाऐवजी हवा मिळून बेअरिंगे कोरडी पडतात. म्हणून माणसास इजा नाही ना हे पाहून एंजिन प्रथम बंद करावे, गाडी सरळ करावी व तेल तळाशी उतरू द्यावे. घाईने एंजिन चालू करणे घातक; कारण द्रव दाबला जात नाही, आणि पिस्टनवर तेल साचले असल्यास पिस्टनचा दांडा वाकतो. शंका आल्यास प्लग काढून एंजिन फिरवावे, म्हणजे तेल बाहेर पडते. मग गाळणी व तेलाची पातळी तपासावी. मुळात तेल वरच्या खुणेपेक्षा जास्त कधीच भरू नये आणि झाकण घट्ट लावावे. टू-स्ट्रोक एंजिनात तळाशी असा साठा नसल्याने हा धोका तेथे पुष्कळच कमी असतो.

१८ फेब्रुवारी १९६४ रोजी, वयाच्या ५६ व्या वर्षी, कर्करोगाने बोंबार्डिए यांचे निधन झाले. निर्जन हिमप्रदेशात गाडी बंद पडणे म्हणजे वाटच बंद होणे होय. ती वाट बंद झाल्याचे मोल त्यांनी पुत्रवियोगाने मोजले होते. यंत्र घडविणाऱ्याने जेवढे कष्ट घेतले, त्याच्या अल्पांशाने तरी काळजी ते वापरणाऱ्याने घ्यावी, एवढाच बोध आम्हांस या चरित्रातून घ्यावासा वाटतो.