नर्मद यांचा कोश आणि माझे इंडेक्स

मी सुरतची, उधन्यात वाढलेली. घरी मराठी, शाळेत गुजराती. कवी नर्मद माझ्यासाठी पुस्तकातला एक धडा आणि विद्यापीठाच्या पाटीवरचं नाव, एवढेच होते. गेल्या उन्हाळ्यात ते अचानक उपयोगी पडले, तेही कॉम्प्युटरच्या कामात!

सुट्टीत मी एका कापड व्यापाऱ्याकडे हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळत होते. एखाद्या पार्टीची दोन महिन्यांची बिलं मागितली की स्क्रीन नुसती गरगरत बसायची. डेटाबेस लाखो नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळायचा. मी उत्साहात टेबलातल्या प्रत्येक रकान्यावर इंडेक्स लावून टाकला. शोध थोडा सुधारला, पण संध्याकाळी बिलं चढवताना सगळं अडकलं. प्रत्येक नव्या बिलासोबत ते सगळे इंडेक्सही लिहावे लागत होते ना! शेठ चिडले. त्याच आठवड्यात मी गोपीपुऱ्यातल्या आमलीरानात नर्मद यांचं घर पाहून आले आणि त्यांच्याविषयी वाचायला घेतलं.

नर्मदाशंकर लालशंकर दवे यांचा जन्म सुरतचा, २४ ऑगस्ट १८३३ चा. शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये. २३ नोव्हेंबर १८५८ रोजी त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि यापुढे लेखणीवरच जगायचं ठरवलं. विधवाविवाहासाठी ते नुसते बोलले नाहीत, १८६९ मध्ये स्वतः एका विधवेशी लग्न केलं. ‘दांडियो’ काढून समाजाला झोडपलं. हे सगळं शाळेत शिकवतात. मला मात्र आता मोठा वाटतो तो त्यांचा ‘नर्मकोश’. गुजरातीचा अर्थ गुजरातीतच सांगणारे सुमारे २५ हजार शब्द. पहिले भाग १८६१ पासून निघाले, पूर्ण कोश १८७३ मध्ये. आपल्याला मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्येच मिळाला, पण त्यामागे सरकार होतं, शास्त्र्यांची फौज होती. इथे एकटा माणूस आणि त्याचा खिसा.

कोश म्हणजे तरी काय? अक्षरांचा जोड-इंडेक्स. ‘कमळ’ शोधताना आधी क, मग म, मग ळ. मधलं अक्षर ‘म’ असलेले सगळे शब्द द्या म्हटलं तर अख्खा कोश चाळावा लागेल. यमक जुळवणाऱ्या कवीला खरं तर शेवटच्या अक्षराचा क्रम जास्त सोयीचा, आणि नर्मद तर १८५७ मध्ये ‘पिंगळप्रवेश’ लिहिलेले छंदांचे जाणकार. पण शब्दाचा अर्थ पाहायला येणारा पहिल्या अक्षरावरूनच येतो. पुराणातल्या पात्रांसाठी त्यांनी ‘नर्मकथाकोश’ वेगळा केला, १८७० मध्ये. प्रश्न वेगळा, म्हणून कोशही वेगळा.

माझी चूक इथेच लक्षात आली. पार्टीचा इंडेक्स वेगळा आणि तारखेचा वेगळा, असं मी केलं होतं. तारखेवरून गेलं की दोन महिन्यांतली सगळ्यांची बिलं हाती येत, मग त्यातून एका पार्टीची वेचायची. आता एकच इंडेक्स केला, आधी पार्टी, मग तारीख. हवी ती बिलं सलग सापडू लागली. बिल नंबरचा ठेवला, बाकीचे काढून टाकले. रोज कोण काय विचारतं, हे मी आधी शेठजींच्या मुनीमकाकांना विचारायला हवं होतं.

तरी काही बिलं सुटतच होती, कारण एकाच पार्टीचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं. दोन दिवस नुसती नावं दुरुस्त केली. तेव्हा नर्मद यांचे हाल कळले. त्यांच्या काळी गुजरातीचं शुद्धलेखनच ठरलेलं नव्हतं. गुजरात विद्यापीठाचा जोडणीकोश आला १९२९ मध्ये. ऱ्हस्व की दीर्घ हे ठरल्याशिवाय शब्द कुठल्या पानावर ठेवायचा? पंचवीस हजार वेळा हा निर्णय एका माणसाने घ्यायचा!

छपाईचा खर्च त्यांचा स्वतःचा होता. कर्ज वाढत गेलं. अखेर १८८२ मध्ये, चोवीस वर्षांनी, नोकरी न करण्याचा पण मोडून मुंबईत गोकुळदास तेजपाल धर्मादाय संस्थेत त्यांना नोकरी धरावी लागली. हे वाचताना मला फार वाईट वाटलं. फेब्रुवारी १८८६ मध्ये मुंबईतच ते गेले, वय अवघं बावन्न.

गुजरातच्या समारंभांत गायली जाणारी त्यांची कविता आम्ही शाळेत रांगेत उभं राहून म्हणायचो. ती या कोशाच्या सुरुवातीला घालण्यासाठी लिहिली होती, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.