जॉन हॅम्डन आणि वीस शिलिंग

इंग्लंडांतील बकिंगहॅमशायरच्या या जमीनदाराचें नांव वीस शिलिंगांमुळें अजरामर झालें. पहिला चार्ल्स राजा पार्लमेंट न बोलावतां आरमारासाठीं जहाजपट्टी उकळूं लागला. १६३५ सालीं ती समुद्रापासून दूरच्या परगण्यांवरही बसविली. वीस शिलिंग हॅम्डनला जड नव्हते. परंतु लोकप्रतिनिधींच्या संमतीवांचून राजास लढाऊ खर्चाचा पैसा मिळूं लागला, तर पार्लमेंट उरेल कशाला, हें ओळखून त्यानें ते नाकारले. १६३८ सालीं बारांपैकीं सात न्यायाधीशांनीं राजाच्या बाजूनें निकाल दिला. नेमणूक व बडतर्फी राजाच्याच हातीं असतां पांच विरुद्ध गेले, याचेंच आम्हांस अधिक नवल वाटतें. १६४१ सालीं पार्लमेंटानें ती पट्टी बेकायदा ठरविली. पुढें यादवी युद्धांत चालग्रोव्ह येथें जखमी होऊन २४ जून १६४३ रोजीं तो थेम गांवीं वारला.