प्याला एकच, मग व्यसन एकालाच का? गडकरींच्या प्रश्नावर जनुकशास्त्र काय सांगतं?

होटगी (सोलापूर) : सोलापूरहून सुटलेल्या दोन गाड्या होटगी जंक्शनपर्यंत बरोबरच येतात. पुढे एक वाडीकडे जाते, दुसरी विजापूर-गदगकडे वळते. दारूचंही काहीसं असंच आहे. दोन मित्र एकाच दिवशी पहिला प्याला घेतात. एक जण सणासुदीपुरता पितो, दुसऱ्याचं घरदार बुडतं. असं का होतं? मराठी रंगभूमीवर हा विषय सर्वांत ताकदीनं मांडला राम गणेश गडकरी यांनी. त्यातल्या काही भागाचं उत्तर आता जनुकशास्त्र देतंय.

कोण होते गडकरी?

गडकरींचा जन्म २६ मे १८८५ रोजी गुजरातमधल्या नवसारी परिसरात झाला. वडिलांचं छत्र लहानपणीच हरपलं. पुढे कुटुंब पुण्यात आलं. फर्ग्युसन कॉलेजातलं शिक्षण अर्धवट सोडून ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि तिथं बालनटांना शिकवू लागले. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांना ते गुरू मानत. कविता लिहिल्या गोविंदाग्रज या नावानं, विनोद लिहिला बाळकराम या नावानं.

‘प्रेमसंन्यास’, ‘पुण्यप्रभाव’, ‘भावबंधन’ ही त्यांची गाजलेली नाटकं. पण घराघरात पोहोचलं ते ‘एकच प्याला’. दुर्दैव असं, की स्वतः गडकरींना ते रंगमंचावर पाहता आलं नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर इथं क्षयानं त्यांचं निधन झालं. वय होतं अवघं ३३. पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीनं बडोद्यात नाटकाचा पहिला प्रयोग केला. बालगंधर्व सिंधू झाले, गणपतराव बोडस सुधाकर.

सुधाकरचं नेमकं काय झालं?

सुधाकर हुशार वकील, पण तापट आणि मानी. कोर्टात खटका उडतो, सनद काही काळासाठी जाते. अपमान विसरण्यासाठी तळीराम त्याच्या हातात पहिला प्याला देतो. पुढे पैसा, अब्रू, मूल, बायको सगळं जातं. गडकरींनी त्याला दुष्ट रंगवलं नाही. त्याला सगळं कळतं, दारू सोडावीशीही वाटते, पण सुटत नाही.

गडकरी गेले तेव्हा ‘जीन’ हा शब्द रूढ होऊन जेमतेम दहा वर्षं झाली होती. सुधाकरच्या शरीरात काय चाललं असेल, हे सांगणारं शास्त्र तेव्हा नव्हतंच.

आज विज्ञान काय सांगतं?

जुळी भावंडं आणि दत्तक मुलांवरच्या अभ्यासांतून दिसलं, की दारूचं व्यसन कोणाला जडतं आणि कोणाला नाही, या फरकात आनुवंशिकतेचा वाटा साधारण ५० टक्के आहे. उरलेला वाटा संगत, ताण, घरचं वातावरण आणि दारू किती सहज मिळते याचा. दारूचं असं एकच जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम एकत्र येतो.

एक उदाहरण पाहू. यकृतात दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थात रूपांतर होतं. मग दुसरं एन्झाइम त्याला निरुपद्रवी करतं. चीन, जपान, कोरियातल्या अनेकांमध्ये जनुकातल्या बदलामुळे हे दुसरं एन्झाइम कमजोर असतं. थोडी घेतली तरी चेहरा लाल होतो, मळमळतं. त्यामुळे अशा लोकांत व्यसनाचं प्रमाण कमी आढळतं.

याच्या उलट काहींना बरीच पिऊनही फारशी चढत नाही. आपल्याकडे हे कौतुकानं सांगितलं जातं. प्रत्यक्षात तो धोक्याचा इशारा आहे. अशांना पुढे व्यसन जडण्याची शक्यता जास्त असते.

औषधांचं काय?

दारू सोडवण्यासाठी १९४० च्या दशकापासून वापरलं जाणारं डायसल्फिराम हेच दुसरं एन्झाइम मुद्दाम बंद पाडतं. गोळी चालू असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळू शकतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून चहात किंवा भाजीत गुपचूप गोळी मिसळणं अत्यंत धोक्याचं आहे. आजच्या एखाद्या सिंधूला हा मोह होणं स्वाभाविक आहे, पण रुग्णाला सांगूनच आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हे औषध द्यावं लागतं.

मानसिक आजारांच्या औषधांतही जनुकांमुळे फरक पडतो. नैराश्यावरचं एस्सिटालोप्राम काहींच्या शरीरातून हळू बाहेर पडतं, तेव्हा नेहमीच्या डोसनंही त्रास होतो. काहींच्या शरीरातून ते झटपट निघून जातं आणि गुण येत नाही. कार्बामाझेपिन या औषधानं एचएलए-बी १५०२ हा जनुकप्रकार असलेल्यांना त्वचेची जीवघेणी रिअ‍ॅक्शन येऊ शकते. आशियाई वंशाच्या लोकांत हा प्रकार तुलनेनं जास्त आढळतो, तो आधी तपासता येतो. मात्र व्यसनावर कोणतं औषध लागू पडेल, हे खात्रीनं सांगणारी जनुक चाचणी अजून नाही.

काय लक्षात ठेवाल?

- वडील, आजोबा, मामा यांना व्यसन असेल तर डॉक्टरांना ते न लपवता सांगा.
- घरात कोणाला एखादं औषध बाधलं असेल तर तेही सांगा.
- गुण येत नाही म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, डोस बदलू नका.
- रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्यानंच सोडा.
- मदतीसाठी टेली मानस १४४१६, व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६.

नाटकात सुधाकर एकदा दारू सोडतो. काम मागायला जातो, तेव्हा दारुडा म्हणून हेटाळणी होते आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. जनुकं आपल्या हातात नाहीत. पण दारू सोडून आलेल्या माणसाला घरात, गावात, कामावर कसं वागवायचं, हे नक्कीच आपल्या हातात आहे.