समाजस्वास्थ्यकार र. धों. कर्वे

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्यांचे थोरले चिरंजीव रघुनाथराव यांचे नाव मात्र मी कॉलेजात आल्यावरच प्रथम वाचले. वडिलांना १९५८ साली भारतरत्न मिळाले. मुलाच्या वाट्याला कोर्टाचा दंड आला.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. १८९९ साली मॅट्रिकला ते मुंबई इलाख्यात पहिले आले. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन ते गणिताचे प्राध्यापक झाले. असा माणूस सुखाने पेन्शन खाऊ शकला असता. पण वारंवारच्या बाळंतपणाने खंगणाऱ्या बायका आणि लपवून ठेवलेले गुप्तरोग त्यांना स्वस्थ बसू देईनात. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचेही केंद्र सुरू झाले, म्हणजे आपला हा मराठी प्राध्यापक जगाच्या मागे नव्हता. पत्नी मालतीबाईंची त्यांना मनापासून साथ होती. मूल होऊ द्यायचे नाही, हा निर्णय उभयतांनी स्वतः पाळला.

हे कार्य विल्सन कॉलेजच्या चालकांना रुचले नाही आणि १९२५ साली त्यांची नोकरी सुटली. तरी जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि पदरमोड करून अखेरपर्यंत चालवले. वाचक आपल्या मनातल्या शंका पत्राने विचारीत आणि रघुनाथराव त्यांना सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. खटला हरला, दंड झाला, पण मासिक थांबले नाही. १९५२ साली सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, रघुनाथराव गेले.

हे चरित्र मला जवळचे का वाटते? आमच्या वाडीत मुलीला पाळी आली की कावळा शिवला म्हणतात आणि तिला बाजूला बसवतात. कावळ्याचा आणि पाळीचा संबंध काय, हे कोणी सांगत नाही. दहावीला प्रजननाचा धडा आला तेव्हा घरी वाचून घ्या, असे सांगून तो सोडून देण्यात आला. आमच्या घरात वाचणारी मी एकटीच! माझ्या बरोबरीच्या एका मुलीचे सतराव्या वर्षी लग्न लावून दिले. पाळी चुकल्याचा अर्थ तिला सासूकडून कळला, तोवर उशीर झाला होता. मुलगे तरी कुठे सुखी आहेत? ते एकमेकांकडून ऐकीव गोष्टी घेतात आणि मनात भीती बाळगतात. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, पण त्यात खरे कोणते आणि खोटे कोणते, हे सांगणारे माणूस जवळ नाही.

रघुनाथरावांची सगळीच मते आज पटतील असे नाही. पण विचारणाऱ्याला लाजवायचे नाही, हा त्यांचा धडा जुना झालेला नाही. आपल्या ग्रंथालयाबाहेर एक प्रश्नपेटी ठेवावी, चिठ्ठीवर नाव नसावे आणि महिन्यातून एकदा एखाद्या डॉक्टरांनी येऊन उत्तरे द्यावीत, अशी माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे. पहिली चिठ्ठी मी टाकीन.