डॉक्टर जेन्नर

देवीचा रोग आज पृथ्वीच्या पाठीवर कोठेही उरलेला नाही. परंतु दोनशे वर्षांपूर्वी त्याच्या नुसत्या नावाने आईबापांच्या काळजाचे पाणी होई. दर चार-पाच रोग्यांमागे एक तरी दगावे. जे वाचत त्यांच्या तोंडावर वण राहत, आणि कित्येकांची दृष्टी कायमची जाई. आपल्याकडे हा रोग म्हणजे साक्षात देवीचा कोप अशी समजूत होती, म्हणून त्याचे नावही देवीच पडले.

या रोगावर लस देण्याची रीत जगापुढे मांडणारा एडवर्ड जेन्नर याचा जन्म इंग्लंडमधील बर्कले गावी १७ मे १७४९ रोजी झाला. आईबापांचे छत्र पाचव्या वर्षीच हरपले. त्या काळी देवीच्या रोग्याच्या फोडातील पू निरोगी मुलाला टोचीत. त्याने बहुधा सौम्य देवी येऊन मूल पुढे सुरक्षित होई. पण शंभरांत एखाददुसरे मूल त्यातच दगावे. सुमारे आठव्या वर्षी एडवर्डलाही असे टोचले. त्याआधी त्याचे रक्त काढले, त्याला उपाशी ठेवले, आणि नंतर इतर मुलांबरोबर एका तबेल्यात कोंडले. हे हाल तो जन्मभर विसरला नाही.

लंडनमध्ये जॉन हंटर या विख्यात शस्त्रवैद्याकडे शिकून १७७२ मध्ये तो बर्कलेला परतला. गाईंच्या सडांवर काऊपॉक्स नावाचे फोड येत व धार काढणाऱ्यांच्या हातांनाही ते होत. ज्याला ते झाले त्याला देवी येत नाहीत, असे तिकडचे गवळी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत. जेस्टी नावाच्या एका शेतकऱ्याने तर १७७४ मध्येच आपल्या बायकोला व दोन मुलांना काऊपॉक्स टोचला होता. शेजाऱ्यांनी त्याची टर उडवली. त्याने काही लिहून ठेवले नाही, आणि त्याचे शहाणपण गावातच राहिले.

१४ मे १७९६ रोजी जेन्नरने सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरील फोडातील लस जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या गरीब मुलाच्या दंडावर टोचली. नवव्या दिवशी मुलाला थोडी हुडहुडी भरली, डोके दुखले; दुसऱ्या दिवशी तो बरा झाला. १ जुलैला जेन्नरने त्याला खऱ्या देवीचा पू टोचला. देवी आल्या नाहीत. असा प्रयोग आज कोणाही डॉक्टरला मुलावर करू देणार नाहीत, आणि तेच योग्य आहे.

त्याने हा वृत्तांत रॉयल सोसायटीकडे धाडला. पण एवढा पुरावा पुरेसा नाही म्हणून तो परत आला. जेन्नर रुसून बसला नाही. त्याने आणखी प्रयोग केले आणि १७९८ मध्ये तेवीस नोंदींचे पुस्तक स्वतःच छापून काढले. त्यात माणसांची नावे होती, तारखा होत्या, आणि फोड कसा दिसतो त्याची रंगीत चित्रेही होती. स्वतःच्या अकरा महिन्यांच्या रॉबर्टला टोचलेली लस लागली नाही, हेही त्याने दडवले नाही.

तरी गहजब उडालाच. १८०२ मध्ये गिलरे या व्यंगचित्रकाराने लस घेतलेल्यांच्या अंगातून गाई फुटताना दाखवल्या. एका डॉक्टरने तर लसीमुळे बैलासारखे तोंड झालेल्या मुलाचे चित्र पुस्तकात छापले! डॉक्टरच असे म्हणू लागल्यावर बिचाऱ्या आईबापांनी विश्वास कोणावर ठेवावा? जेन्नरने ठिकठिकाणच्या डॉक्टरांना पत्रे लिहिली, खरा फोड कोणता व खोटा कोणता ते समजावले, दूरदूर लस पाठवली. आपल्या बागेतील झोपडीत तो गरिबांना फुकट टोचीत असे. ज्याला शंका असेल त्याने यावे, टोचलेली मुले डोळ्यांनी पाहावी.

बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने ही लस मुंबईस पोहोचली आणि १४ जून १८०२ रोजी अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली. हिंदुस्थानातील हे पहिले लसीकरण. आमच्या लहानपणीही देवीडॉक्टर शाळेत आले की काही मुले मागल्या दाराने पसार होत. मीही एकदा झालो होतो. ती खूण आज माझ्या दंडावर आहे, ती आईने मला हाताला धरून परत नेले म्हणून.

जेन्नरची एक चूक मात्र झाली. एकदा टोचले की जन्मभर भय नाही, असे तो ठामपणे सांगे. लसीचे बळ काही वर्षांनी ओसरते व पुन्हा टोचावे लागते, हे पुढे नोंदी ठेवणाऱ्या डॉक्टरांनीच दाखवून दिले. पुढे टोचण्याची पद्धत सुधारत गेली आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

२६ जानेवारी १८२३ रोजी जेन्नर वारला. फिप्स मोठा झाल्यावर जेन्नरने त्याला बिनभाड्याने राहायला एक घर दिले होते. बर्कलेच्या चर्चमध्ये जेन्नरला मूठमाती दिली तेव्हा जमलेल्या लोकांत तो फिप्सही उभा होता.