चोखोबारायांच्या अस्थी

श्रीसंत चोखोबाराय मंगळवेढ्यास राहत. अस्पृश्य मानलेल्या महार जातीतला जन्म, म्हणून पंढरीस जाऊनही महाद्वाराबाहेरच उभे. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, मुलगा कर्ममेळा. सारे घरच अभंग रचणारे. शके १२६०, म्हणजे इ. स. १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालले असता कूस कोसळले आणि इतर मजुरांबरोबर चोखोबा खाली गाडले गेले.

पुढे नामदेवराय अस्थी आणायला गेले. ढिगाऱ्यात हाडेच हाडे; ओळखायची कशी? परंपरा सांगते, नामदेवराय एकेक हाड कानाशी धरीत. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले, ते चोखोबांचे. त्या अस्थींना महाद्वारासमोर समाधी दिली.

हाड बोलले कसे, हे कोडे आम्हांला सुटत नाही. सुटावे अशी घाईही नाही. पण माउली, हाडांत नाम होते तर ते जिवंतपणीही होतेच की! तेव्हा कान लावणारे किती होते? अस्पृश्यांसाठी देवळाचे दार उघडायला साने गुरुजींना उपोषणास बसावे लागले, १९४७ साल उजाडावे लागले. समाधीपुढे वाकताना आपण सर्वांनी एवढे ध्यानात धरावे.